‘कुटुंबासोबत काम’ जमलं का, हे तपासताना

‘कुटुंबासोबत काम’ म्हणजे मूल घरात असुरक्षित असेल तर बापाचं व्यसन, आईला होणारी मारहाण आणि थकलेलं भाडं एकत्रच हाताळायचं, अशी ही पद्धत. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर काउंटीने 2015 मध्ये मुलांचे सोशल वर्कर आणि व्यसन, मानसिक आरोग्य, घरगुती हिंसा यांवर मोठ्यांसोबत काम करणारे कार्यकर्ते एकाच टीममध्ये बसवले. आपल्याकडे बाल संरक्षण कक्ष एका इमारतीत, घरगुती हिंसाचाराचे संरक्षण अधिकारी दुसरीकडे आणि व्यसनमुक्ती तिसरीकडेच.

म्हणून आधी बघायचं, काम घरातल्या सगळ्यांपर्यंत पोचलं का. गृहभेट अकरा ते पाचमध्ये झाली तर तुर्भे एमआयडीसीत शिफ्टला गेलेला बाप भेटणारच नाही. मग अहवालात ‘कुटुंबाचे समुपदेशन केले’ असं येतं, आणि प्रत्यक्षात ते एकट्या आईचं असतं. प्रत्येक भेटीत कोण हजर होतं, याचा वेगळा रकाना ठेवा.

सुरुवातीची नोंद म्हणून मुलाच्या घरची चौकशी करून बाल कल्याण समितीला दिला जाणारा सामाजिक तपास अहवाल आहेच. कायद्याने तो 15 दिवसांत पूर्ण व्हायला हवा. पण ‘परिस्थिती हलाखीची’ या शेऱ्यावरून पुढे काहीच ताडता येत नाही. आठवड्यात किती दिवस दारू, शेवटची मारहाण कधी, रात्री मूल कोणाजवळ झोपतं, शाळेच्या पटावर तीन महिन्यांची हजेरी किती, हे लिहा. तेच प्रश्न तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात विचारा, आणि प्रत्येक भावंडासाठी वेगळे. धाकट्याची हजेरी वाढलेली दिसते, कारण थोरली शाळा सोडून त्याला सांभाळत असते. घराची सरासरी काढली की ती पोरगी कागदावरून गायब!

केस येते तेव्हा घर बहुधा सगळ्यात वाईट दिवसांतून जात असतं. दोन महिन्यांत काहीही न करता थोडं निवळतंच. त्याचं श्रेय कार्यक्रमाला द्यायचं नसेल तर प्रतीक्षेत असलेल्या तशाच कुटुंबांशी तुलना हवी. फरक पैशाने पडला की कामाने, हेही कळायला हवं; म्हणून मुलासाठी सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिना 2250 रुपये मिळत असतील, तर मंजुरीची नव्हे, खात्यात पैसे जमा झाल्याची तारीख नोंदवा.

आता ‘संपर्क नाही’ या शेऱ्याबद्दल. नवी मुंबईतलं दिघा-ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तळोजा-कामोठे रायगडात. भाडं परवडेना म्हणून कुटुंब तळोज्याला गेलं की जिल्हा बदलतो, बाल कल्याण समिती बदलते. अशी केस ‘बंद’मध्ये गेली की आकडेवारीत ती यशच ठरते. तिला ‘माहिती नाही’ असा तिसरा गट हवा. भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्टीवरची कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाआधी निघतात, तेव्हा फॉलोअपच्या तारखा त्या हिशेबाने लावा. बालगृहात जाणारी मुलं घटली, एवढ्यावरही खूश होऊ नये. त्याच घरांतून 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर पुन्हा फोन आले का, ते तपासा.

घरातलाच माणूस लैंगिक अत्याचाराचा संशयित असेल तिथे एकत्र बैठक घ्यायचीच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 नुसार आधी पोलिसांना कळवायचं. अशा केसेस मूल्यमापनाच्या नमुन्यातून सुरुवातीलाच वेगळ्या काढा, कारण त्यांत मूल घराबाहेर गेलं म्हणजे काम फसलं असं होत नाही.