रोजचे पन्नास रुपये

बचत म्हटलं की लोक आधी चहा बंद करायला सांगतात, मला हे अजिबात पटत नाही. बडोद्यात राहून सेव-उसळ खायची नाही का? खायची की, मस्त खायची. पैसा जातो तो भलतीकडेच, दहा मिनिटांत येणाऱ्या पार्सलच्या डिलिव्हरी चार्जमध्ये, कोणी बघतच नाही त्या ओटीटीच्या रिन्यूअलमध्ये, आणि खंडेराव मार्केटात ताजी भाजी मिळत असताना अ‍ॅपवरून मागवलेल्या कोथिंबिरीत.

आमची आई रोज रात्री हिशोब लिहिते आणि वाचलेले पैसे बाजूला काढते, कधी वीस कधी ऐंशी, सरासरी पन्नास धरा, म्हणजे महिन्याचे १,५००. पण नुसते डब्यात ठेवून उपयोग नाही, तिथे व्याज मिळत नाही आणि घरात पैसा दिसला की खर्च सुचतोच. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये इथे बँक काढली, त्या गावात राहून आपण नोटा गव्हाच्या डब्यात कशाला ठेवायच्या?

आईची पोस्टात आरडी आहे, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता पाच वर्षं भरायची आवर्ती ठेव. एजंट ताई घरी येतात, "काकू, हप्ता काढून ठेवलाय ना?" म्हणतात, आणि खरं सांगू, ६.७ टक्के व्याजापेक्षा मला ह्या विचारण्याची किंमत जास्त वाटते, कारण कोणीतरी येणार म्हटलं की हात आपोआप आवरतो. पाच वर्षांत ९०,००० भरले की साधारण १ लाख ७ हजार हातात येतात. अडचण आली तर १२ हप्ते झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत लोन मिळतं, म्हणजे आरडी मोडावी लागत नाही.

हेच महिन्याचे १,५०० पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, टाकले तर १५ वर्षांत भरणार २ लाख ७० हजार आणि आजच्या ७.१ टक्क्यांनी मिळणार साधारण ४ लाख ७३ हजार, व्याजावर टॅक्स नाही. फक्त दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जो सगळ्यात कमी बॅलन्स असेल त्यावरच व्याज धरतात, ६ तारखेला भरलेल्याचं त्या महिन्याचं व्याज गेलं.

ज्यांनी आजवर काहीच साठवलं नाही त्यांनी आधी आरडीच काढावी असं मला मनापासून वाटतं, महिन्याला १०० रुपयांपासून निघते. पाच वर्षांनी पैसे हातात येतात तेव्हा हुरूप येतो, मग पीपीएफची १५ वर्षं जड वाटत नाहीत.