पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे बिल तपासताना : माझा अनुभव

न्यू जर्सीत माझ्या पत्नीला पित्ताशयाच्या तीव्र दाहामुळे तातडीने भरती करावे लागले आणि दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढण्यात आले. पुढे विमा कंपनीचे विवरण आले. त्यावर 'हे बिल नाही' असे छापलेले असले, तरी आमच्या वाट्याला येणारी रक्कम त्यात दिसत होती आणि ती पाहून मी तपशीलवार बिल, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज समरी व पॅथॉलॉजीचा अहवाल मागवला. हिपा या वैद्यकीय नोंदींविषयीच्या अमेरिकी कायद्यानुसार रुग्णाला स्वतःच्या नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क असल्याने पत्नीच्या सहीवर हे काम झाले.

सर्जनच्या बिलावर ४७५६३ हा सीपीटी कोड, म्हणजे केलेल्या उपचाराचा ठरलेला बिलिंग क्रमांक, होता. दुर्बिणीने केवळ पित्ताशय काढले असेल तर ४७५६२ लावतात. त्याच वेळी पित्तनलिकेत औषध सोडून एक्स-रे काढला असेल तरच ४७५६३ लागू होतो. ऑपरेशन नोटमध्ये अशा एक्स-रेचा उल्लेख कुठेही नव्हता. बिलिंग विभागाला 'रक्कम जास्त वाटते' असे सांगण्यात काही अर्थ नसतो, कारण तिथले कर्मचारी कोड व नोंद यांची सांगड पाहतात. म्हणून मी नोटचे ते पान जोडून लेखी विचारणा केली. टाके पाहण्यासाठीच्या भेटीचेही वेगळे शुल्क लावलेले होते. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेच्या नियमाप्रमाणे या शस्त्रक्रियेच्या मोबदल्यात पुढील ९० दिवसांची नेहमीची तपासणी धरलेली असते, आणि आमची विमा कंपनीही तोच नियम पाळत होती. अशी भेट ९९०२४ या विनाशुल्क कोडखाली नोंदवली जाते.

निदानाच्या कोडचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. बिलावर के८१.०, म्हणजे खड्यांविना तीव्र दाह, असे होते, तर पॅथॉलॉजीच्या अहवालात खडे स्पष्ट नमूद होते. खड्यांसह तीव्र दाह आणि अडथळा नसेल तर के८०.०० येतो. भरती रुग्णाच्या बाबतीत केवळ पॅथॉलॉजीचा अहवाल पाहून कोडरला, म्हणजे बिलासाठी कोड लावणाऱ्या कर्मचाऱ्याला, निदान बदलता येत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते स्वतः लिहावे लागते, हे मला तेव्हा कळले. यामुळे रकमेत फरक पडला नाही. पण पत्नीच्या कायमच्या नोंदीत चुकीचे निदान राहू नये, यासाठी मी आग्रह धरला आणि सर्जननी पुरवणी टीप जोडली.

दुरुस्त क्लेम, म्हणजे विम्याचा दावा, विमा कंपनीकडे पुन्हा गेला. नव्या विवरणात ४७५६२ दिसले आणि भेटीचे शुल्क वगळलेले आढळले, तेव्हाच मी डिडक्टिबलची, म्हणजे विमा लागू होण्यापूर्वी स्वतः भरायच्या हिश्श्याची, उरलेली रक्कम भरली.