अण्णांचा दाढीचा डबा

आज माळा आवरताना अण्णांचा दाढीचा डबा सापडला. आत निकेल उडालेला पितळी सेफ्टी रेझर. दांड्याचं टोक फिरवलं की डोक्यावरची दोन झाकणं फुलपाखरासारखी उघडतात. अजूनही! चिंच लावून घासला, उकळत्या पाण्यातून काढला, नवं दुधारी पातं घातलं आणि बसलो खिडकीला आरसा टेकवून.

ब्रशनं फेस छान झाला. पुढचं अवघड. तीन पात्यांच्या रेझरनं हाताला दाबायची सवय लावलेली. इथे रेझरच्या वजनानंच काम होतं. पातं कातडीशी साधारण 30 अंशांत धरायचं, बस्स. हे सगळं ठाऊक असून हनुवटीपाशी दाबलंच. मग तुरटीचा खडा ओला करून फिरवला. अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं, पण रक्त थांबलं.

शेवटी केसांना ब्रिलक्रीम. 1928 साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेलं हे पांढरं लोणी अण्णा बोटाच्या पेरावर जेमतेम घ्यायचे. मी तळहातभर घेतलं.

बायको लांबूनच म्हणाली, "उशीला आज जुना अभ्रा घाल हं."