आत्याचा दाखला

"पोरी, तुह्या बापाले पाठव."

अभिलेख कक्षाच्या, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या खोलीच्या, खिडकीतून हे मी चार वेळा ऐकलं. अर्ज माझ्या नावाचा, सही माझी, ग्रामपंचायतीवर निवडून आलेली मी, आणि आजोबांच्या जुन्या नोंदीची नक्कल न्यायला मात्र बाप पाहिजे. चार वर्षं होऊन गेली तरी ते आठवलं की कानशिलं तापतात. म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतेय. ज्या पोरापोरींना गावासाठी काही करायचंय, पंचायतीला उभं राहायचंय, त्यांनी हे उभं राहायच्या आधी वाचावं. मतं मला दीड महिन्यात मिळाली. जात वैधतेच्या, म्हणजे जातीचं प्रमाणपत्र खरं आहे असं सांगणाऱ्या, कागदाला अकरा महिने लागले.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगते. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होते. दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, सकाळी श्रमदान, दुपारी गावकऱ्यांशी चर्चा. तिथं पहिल्यांदा माईक हातात आला आणि आपलं म्हणणं चार लोक ऐकतात हे कळलं. अठरा पूर्ण झाल्यावर २ ऑक्टोबर २०१६ ला आमच्या गावच्या ग्रामसभेला गेले. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी तेवढे लोक लागतात. आम्ही होतो सतरा. सभा तहकूब. पुढं कळलं की तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, आणि तिथं दहा-बारा माणसांत ठराव होऊन जातात. तेव्हापासून तहकूब सभेची तारीख सचिवांना विचारून, वहीत लिहूनच घरी यायचं, असं ठरवून टाकलं.

माझा विषय बसचा होता. तालुक्याच्या शाळेतून पोरी पाचला सुटायच्या आणि गावाकडं येणारी बस सातची. हिवाळ्यात फाट्यावर उतरेपर्यंत मिट्ट अंधार. दोन पोरींची शाळा त्या अंधारापायीच बंद झाली होती. आधी महिला ग्रामसभेत मांडलं, मग मोठ्या ग्रामसभेत ठराव झाला. ठरावाची प्रत घेऊन आगारात तीन चकरा मारल्या आणि बस साडेपाचची झाली. त्या बसनंच मला पंचायतीच्या दारापर्यंत आणलं. पुढच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला असा राखीव निघाला, तेव्हा पोरींच्या आयांनीच माझं नाव पुढं केलं. "लगन होऊन जाईन, मंग मेंबर कोण राहीन?" असंही काही लोक बोलले. मी उत्तर दिलं नाही, फॉर्म भरला.

सातवी पासचा दाखला, शौचालयाचं प्रमाणपत्र, बँकेचं वेगळं खातं, हे दोन दिवसांत झालं. ऑनलाइन फॉर्मचा सर्व्हर चालेना, तेव्हा शेवटच्या दिवशी, ३० डिसेंबर २०२० ला, ऑफलाइन अर्ज घ्यायला परवानगी मिळाली आणि माझा अर्ज एकदाचा आत गेला. १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं, १८ ला मोजणी, आणि मी ४१ मतांनी आले. माझ्याकडं जातीचं प्रमाणपत्र होतं, वैधता नव्हती. पडताळणी समितीकडं अर्ज केल्याची पोच आणि बारा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र, एवढ्यावर उमेदवारी चालली होती. गुलाल उडाला, आईनं ओवाळलं. त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालंय याकडं घरात कोणाचंच लक्ष नव्हतं, माझंही.

फेब्रुवारीत समितीची त्रुटी आली: मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा सादर करावा.

हा मानीव दिनांक नीट समजून घ्या, सगळं घोडं इथंच अडतं. इतर मागास वर्गासाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा, जात लिहिलेला कागद लागतो. आम्ही माळी, म्हणजे इतर मागास वर्गातले. बाबांचा जन्म १९६९ चा, म्हणजे त्यांचा शाळेचा दाखला कामाचा नाही. आजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते. उरलं कोतवाल बुक, गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. आमचं गाव आधी दुसऱ्या तालुक्यात होतं, त्यामुळं ते बुक जुन्या तालुक्याच्या ठिकाणी, ३८ किलोमीटरवर.

पहिल्या खेपेला अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प लावला. "आठ दिवसांनी ये." आठ दिवसांनी गेले तर गठ्ठा सापडत नाही. पुन्हा गेले तर ज्यांच्याकडं किल्ली आहे ते रजेवर. त्यानंतर, "कोणत्या सालची नोंद पाह्यजे ते सांग, आम्ही का सारे साल चाळून राह्यलो?" मतदार यादीतल्या आजोबांच्या वयावरून मी १९४० लिहिलं होतं. १९४० मध्ये नोंद निघाली नाही. मग घरी येऊन चुलत आजोबांजवळ बसले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "गांधीबाबा सेगावले राहाले आले, त्या साली पुंडलिक झाला." पुंडलिक म्हणजे माझे आजोबा. सेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम, आणि गांधीजी तिथं राहायला गेले १९३६ मध्ये. म्हणून नवीन अर्ज केला, १९३४ ते १९३८. जुन्या माणसांना साल विचारू नका. पूर कोणता, पटकी कोणत्या वर्षीची, कोण गावात आलं होतं, ते विचारा.

तेवढ्यात कोरोनाची दुसरी लाट आली. एप्रिल आणि मे पूर्ण गेले. कार्यालयात कर्मचारी नावालाच, दाराला साखळी. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, आमच्याही गावात माणसं गेली त्या दिवसांत. जूनमध्ये परत गेले तेव्हा माझा अर्जच सापडेना. आणि पुन्हा तेच वाक्य. खिडकीबाहेर माझ्या मागं दोन बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "तू मेंबर हाय नं वं? मंग तुह्यावालं काम होत नाई, तं आमचं कसं होईन?" बसस्टँडवर येईपर्यंत मला रडू आवरलं नाही.

पहिल्या अर्जाची पोच मी घेतलीच नव्हती. ही चूक तुम्ही करू नका. अर्ज दोन प्रतींत करायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. "सही साहेबाची लागते" म्हटलं तर साहेब येईपर्यंत बसून राहायचं. मी अर्ज पुन्हा केला, पोच घेतली आणि जुलैत माहितीचा अधिकार लावला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, कोरा कागद, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. विचारलं एवढंच की माझा अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या कर्मचाऱ्याकडं होता आणि त्यावर रोज काय कार्यवाही झाली. उत्तराची मुदत तीस दिवस. बाविसाव्या दिवशी फोन आला, "मॅडम, तुमची नक्कल तयार आहे." पोरीची मॅडम झाले आणि बापाचं नावही कोणी काढलं नाही.

नक्कल हातात घेतली आणि पाय गळाले. नोंद होती, जात माळी, बापाचं नाव तुकाराम वल्द गणपत, आणि पोराच्या रकान्यात फक्त 'मुलगा'. नाव नाही. त्या काळी जन्मल्याबरोबर नोंद व्हायची, बारसं नंतर. हा मुलगा म्हणजेच पुंडलिक, हे आता वेगळं सिद्ध करायचं. तालुक्यात कोणी म्हणालं अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या जुन्या नोंदी, काढा, कोणी म्हणालं वंशावळीचं शपथपत्र नव्यानं करा, एकानं पाच हजार सांगितले, "आणून देतो" म्हणून. पैसे देऊ नका. नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं स्वतः लिहिता येतात, आणि दलालानं आणलेला कागद समितीच्या दक्षता पथकाच्या तपासणीत खोटा निघाला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

अधिकार अभिलेख १९५४-५५ चे आहेत, आमच्याकडं जुन्या जमिनीच्या कामाला ते लोक काढतातच. पण त्यासाठी पुन्हा तीच खिडकी. सप्टेंबर उजाडला होता आणि माझ्याकडं चार महिने उरले होते.

महालक्ष्म्यांना आत्या माहेरी आली. एकसष्ट वर्षांची, अजून कापूस वेचायला जाते. आंबील आणि पुरणाच्या जेवणानंतर ओसरीत मी तो कागद तिला दाखवला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शाळेचा दाखला चालते का त्याले? मी चौथी शिकली ना वं. तुह्या बापाच्या आगुदर मी शाळेत गेली."

मी उठून उभी राहिले. आत्या बाबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. म्हणजे पहिलीत गेली असणार १९६६ मध्ये, मानीव दिनांकाच्या आधी. आणि ती बाबांची सख्खी बहीण, वंशावळीत बाबांच्या शेजारीच तिचं नाव. सात महिने मी ३८ किलोमीटरवर आजोबांना शोधत होते आणि पुरावा आमच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत होता. वडिलांच्या मोठ्या भावाबहिणींचा कागद चालतो, हे त्या खिडकीतल्या कोणीही, एकदाही सांगितलं नाही. सगळ्यात जास्त राग मला याचाच आहे. चकरा मारायला माझी ना नव्हती. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊनच शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडलं, दाखलखारीज रजिस्टर काढलं, पानं जपून उलटली. जुलै १९६६. आत्याचं नाव, पुंडलिक तुकाराम हे बापाचं नाव, जात माळी, निळ्या शाईत, स्वच्छ अक्षर. आत्यानं त्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे माह्यं नाव व्हय?" तिला शाळेतून काढलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, धाकट्या भावाला, म्हणजे बाबांना, सांभाळायला. बाबा त्या दिवशी सोबत आले नव्हते. घरी सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते उठून आत्यासाठी चहा टाकायला गेले.

दाखला आणि रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानं घेतला, कोतवाल बुकाची नक्कल सोबत जोडली, नवीन वंशावळ लावली. पथकाचे लोक शाळेत येऊन मूळ रजिस्टर बघून गेले. डिसेंबर २०२१ मध्ये वैधता प्रमाणपत्र मिळालं. तहसीलला साक्षांकित प्रत दिली आणि पोच घेतली. ती पोच मी लॅमिनेट करून ठेवली आहे.

आमच्या वेळच्या सदस्यांना पुढं सरकारनं मुदत वाढवून दिली, पण त्या भरवशावर राहू नका. आधीच्या पंचवार्षिकात शेजारच्या गावातल्या एका ताईंचं सदस्यत्व याच कागदापायी गेलं होतं. चांगलं काम करत होत्या.

आणखी आठवलं ते. घराण्यात कोणी इंजिनिअरिंगला, नर्सिंगला लागलं असेल तर आधी त्यांना विचारा. काका, चुलतभाऊ, कोणाची वैधता झालेली असेल तर निम्मं काम सोपं. आमच्यात कोणाचीच नव्हती, आता माझ्या प्रमाणपत्रावर दोन चुलतभावंडांचं झालं. लग्न झालेल्या पोरींनो, सासरी उभ्या राहिलात तरी कागद माहेरचेच लागतात, तेव्हा लग्नाआधीच काढून ठेवा. आणि मतदार यादीत नाव आहे का ते बघा. आमच्या गावात पोरीचं नाव "सासरीच टाकू" म्हणून कोणी टाकतच नाही. नाव नसलं तर ग्रामसभेत मत नाही आणि एकविसाव्या वर्षी उमेदवारीही नाही. नमुना ६ भरायचा. आता सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, आणि जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात.

पुढच्या पंचवार्षिकाला आमच्या गावातून दोघी उभ्या राहायचं म्हणताहेत, एक वीस वर्षांची, एक एकवीस. मागच्या महिन्यात दोघींना घेऊन शाळेत गेले. एकीच्या मोठ्या काकांचं नाव १९६४ च्या पानावर मिळालं. दुसरीच्या घरच्यांची शाळा वेगळी, तिथलं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय, म्हणून तिच्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल मागायला मंगळवारी त्याच खिडकीवर जायचंय. अर्ज दोन प्रतींत लिहून तयार आहे. त्यावर सही तिनंच केली आहे.