पिवळ्या पाकिटातला एक्स-रे

दिवाळी झाली की आम्हा ऑर्थोपेडिकवाल्यांना कॉन्फरन्सचे वेध लागतात. घरच्यांना ते आता पाठ झालंय, कुठलं गाव आणि किती दिवस एवढंच विचारतात. मी तालुक्याच्या गावात जवळजवळ तीस वर्षं हाडं जोडतोय आणि जे काही धड शिकलो त्यातलं निम्मं तरी या वार्षिक मेळ्यांनी शिकवलं, हे मी कुणापुढेही सांगेन.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सोलापुरात पीजी करत होतो. किल्लारीचा भूकंप नुकताच होऊन गेलेला, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आणि त्यानंतरचे दिवस, वॉर्डात खाट शिल्लक नाही म्हणून जमिनीवर गाद्या, दगडमातीच्या भिंतींखाली चिरडलेले पाय, आणि आम्ही पोरं झोप न घेता हाडात पिना घालून ट्रॅक्शन, म्हणजे पाय ताणून धरणारं वजन, लावतोय. त्यानंतर काही महिन्यांनी सर आम्हा तिघांना मुंबईच्या कॉन्फरन्सला घेऊन गेले. हॉलमध्ये अंधार, स्लाइड प्रोजेक्टरचा खट्ट खट्ट आवाज, एखादी स्लाइड उलटी लागायची, आणि स्टेजवर ज्यांची नावं आम्ही पुस्तकात वाचली होती अशी माणसं चक्क आपल्या फसलेल्या केसेस दाखवत होती. प्लेट तुटली, जंतुसंसर्ग झाला, हाड जुळलंच नाही, का नाही जुळलं, मी काय चुकलो. एवढी मोठी माणसं भर सभेत असं बोलतात हे बघून माझी भीती गेली. आजही प्रोग्रॅम हातात आला की मी आधी कॉम्प्लिकेशन्सचं, म्हणजे फसलेल्या केसेसचं, सेशन कुठल्या हॉलला आहे ते शोधतो.

आमची राष्ट्रीय संघटना, इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशन, १९५५ साली अमृतसरला सुरू झाली. तोवर हाडांचे सर्जन जनरल सर्जन्सच्या अधिवेशनातच एका कोपऱ्यात भेटायचे. लखनौचे डॉ. बी. एन. सिन्हा पहिले अध्यक्ष. १९६७ ला स्वतःचं जर्नल निघालं. सुरुवातीला एका खोलीत मावतील एवढेच लोक, आणि आता सभासद दहा हजारांच्या वर! २०२२ ची कॉन्फरन्स परत अमृतसरलाच होती, मी मुद्दाम गेलो. दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, लंगरमध्ये आम्ही चार-पाच राज्यांतले सर्जन एका पंगतीत मांडी घालून बसलो होतो, कुणी कुणाला डिग्री विचारली नाही, त्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे.

या वर्षांत काय काय बदललं ते आम्ही कॉन्फरन्समध्येच पहिल्यांदा बघितलं. सायबेरियातल्या कुर्गान गावच्या डॉ. इलिझारोव्हच्या, हातापायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडायच्या रिंगा, त्यांनी हाड दिवसाला एक मिलिमीटर वाढवता येतं हे कळलं तेव्हा हॉलमध्ये शांतता पसरली होती. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांची जेस सिस्टीम, म्हणजे मोडलेलं हाड बाहेरून धरून ठेवणारा सांगाडा, बारीक तारा, हलक्या दांड्या आणि छोटे जॉइंट, आपल्याकडच्या पेशंटला परवडेल अशी, हात चिरडलेल्या आमच्या ऊसवाल्या पेशंटना तिने किती बोटं परत दिली म्हणून सांगू. मग हाडाच्या पोकळीत घालून स्क्रूनं पक्का करायचा दांडा, इंटरलॉकिंग नेल, मग स्क्रू जिच्यातच घट्ट बसतात ती लॉकिंग प्लेट. वर्कशॉपमध्ये प्लॅस्टिकच्या हाडावर ड्रिल मारायचं, ही पद्धत स्वित्झर्लंडच्या एओ या हाडांच्या सर्जन्सच्या गटाची, त्यांनी दाव्होसला १९६० पासून असे कोर्स घेतले, आणि आज आपल्याकडची पोरं पेशंटला हात लावायच्या आधी दहा वेळा चुकून घेतात. फार बरं झालं हे. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचा उघड्या जखमा किती गंभीर ते आकड्यांत मांडणारा स्कोअरही असाच ऐकला. पाय वाचवायचा की कापायचा हा प्रश्न रात्री दोन वाजता एकट्याने सोडवणाऱ्या माणसाला त्या आकड्यांचा केवढा आधार वाटतो!

मणक्यांची वेगळी सोसायटी झाली, सांधेबदलवाल्यांची झाली, लहान मुलांच्या हाडांची झाली, चांगलंच आहे. पण ट्रॉमाचा, म्हणजे अपघातातल्या जखमांचा, हॉल सगळ्यात मोठा हवा असं माझं स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, आणि जी वाचली त्यांचे मोडलेले पाय शेवटी आमच्यासारख्यांच्याच टेबलावर येतात.

आता पाकिटाची गोष्ट. प्रॅक्टिस सुरू केल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एक ऊसतोड कामगार आला, ट्रॅक्टरची ट्रॉली पायावरून गेलेली, नडगीचं हाड बाहेर, जखमेत माती. मी धुतलं, हाड बाहेरून धरून ठेवणारा फिक्सेटर लावला, पण चार महिने झाले तरी हाड जुळेना. एक्स-रे पिवळ्या पाकिटात घालून कॉन्फरन्सला नेला. चहाच्या वेळी एका खूप सीनियर सरांना गाठलं, माझी ओळख ना पाळख, त्यांनी कप खाली ठेवला, खिडकीच्या उजेडात फिल्म धरली आणि वीस मिनिटं उभ्याउभ्या शिकवलं. अजून मेलेलं हाड आत आहे, ते आधी काढ, रक्त येईपर्यंत काढ, घाबरू नकोस, मग बोन ग्राफ्ट, दुसरीकडचं हाड तिथे भर. त्यांचं पुढचं लेक्चर होतं, माणूस बोलवायला आला तरी त्यांनी फिल्म सोडली नाही.

पुढच्या वर्षी तेच पाकीट, नवी फिल्म घेऊन गेलो. सरांना केस आठवत नव्हती, वर्षभरात अशा किती जणांनी दाखवल्या असतील. तरी परत खिडकीपाशी गेले, चष्मा वर केला, जुळलेल्या हाडावरून बोट फिरवलं.

"चालतो का?"

"चालतो सर. यंदा जोडीनं तोडणीला गेलाय, बायको मोळ्या बांधते."

सरांनी फिल्म पाकिटात घातली, पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, चल, आधी चहा घेऊ.