खारपाणपट्ट्यात पानांचा चहा : फेरतपासणीची नोंद

गेल्या पौषात सुरू केलेल्या वहीतल्या पहिल्या अकरा नोंदी मी या आठवड्यात लाल शाईने खोडल्या. चहा जसा लागला तसाच मी लिहिला होता, पण ज्याला मी दार्जिलिंगची चव समजत होतो ती निम्म्याहून अधिक आमच्या विहिरीची चव होती, आणि हे कळायला मला एक पूर्ण पावसाळा जावा लागला. ज्यांनी त्या नोंदींवर विसंबून पहिल्या बहराचा, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा चहा विकत घेण्याचे टाळले असेल, त्यांची क्षमा मागून ही फेरतपासणी लिहितो.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा हा खारपाणपट्टा ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की इथली जमीन काळी, खोल आणि कसदार असली तरी तिच्या पोटातले पाणी खारट आहे. विहिरीच्या पाण्याने विसळलेला पेला उन्हात वाळला की त्यावर पांढरे ठिपके उमटतात. पिण्यासाठी योजनेचे नळाचे पाणी येते, तेही चार-पाच दिवसांआड. त्यामुळे ते पाणी माझ्या ‘थेरांना’ द्यायला सुरुवातीला आईची सक्त मनाई होती आणि मी सगळे प्रयोग विहिरीच्या पाण्यावर करीत होतो. लहानपणापासून जिभेला त्या पाण्याची सवय असल्याने, आणि घरचा दूध-साखरेचा, यंत्रात चिरडून दाणेदार केलेला सीटीसी चहा त्यातही कडक लागत असल्याने, दोष पाण्यात असेल अशी शंकाही मला आली नाही.

पद्धतीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. चहाची तुलना करण्यासाठी आयएसओ ३१०३ हे मानक आहे, त्यात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे असे प्रमाण दिलेले आहे. ते परीक्षकांसाठी ठीक आहे; त्या कडक अर्कात चहाचे दोष उघडे पडतात, पण तो आवडीने पिण्याजोगा राहत नाही. मी १५० मिलिलिटरला अडीच ग्रॅम घेतो, पहिल्या बहराला ३ मिनिटे आणि आसामला ४ मिनिटे देतो. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा लहान काटा आहे आणि कप आतून पांढरेच वापरतो, कारण रंग नीट दिसला नाही तर अर्धी परीक्षा वाया जाते.

पहिल्या बहराचा म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत खुडलेला दार्जिलिंग मी उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यात केला, तेव्हा वहीत लिहिले होते: ‘रंग विटकरी, वास ओल्या गवताचा, चव सपाट, शेवटी जिभेवर खार. किमतीच्या मानाने निकृष्ट.’ तीच पुडी, तेवढेच वजन आणि तेवढीच मिनिटे ठेवून श्रावणात पावसाच्या पाण्यावर चहा केला आणि कपाकडे पाहून मला वाटले की मी पत्ती टाकायलाच विसरलो. रंग फिकट, हरभऱ्याच्या वाळलेल्या काडासारखा सोनेरी होता आणि कपाचा तळ स्वच्छ दिसत होता. वास आधी आंब्याच्या मोहराकडे झुकणारा आणि कप थोडा निवल्यावर कच्च्या बदामासारखा आला. घोट गिळल्यानंतर गालांच्या आतल्या बाजूला जो हलका तुरटपणा राहतो, तो तर विहिरीच्या पाण्यात अजिबात नव्हता. या बहराची पाने खूप सुकवतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण कमी होऊ देतात, म्हणून वाळलेल्या पत्तीतही हिरवे तुकडे दिसतात. अशा नाजूक चहाला खारे पाणी सर्वांत आधी मारते.

कारण शोधण्यासाठी मी एक साधा प्रयोग केला, तो कोणालाही घरी करता येईल. पावसाच्या पाण्याचे दोन कप घेतले, एकात चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि दोन्हींत सारखीच पत्ती भिजवली. सोड्याचा कप तिसऱ्या मिनिटाला आमच्या विहिरीच्या चहासारखाच गढूळ विटकरी झाला. चहातली रंगद्रव्ये अल्कधर्मी पाण्यात गडद होतात, आणि बायकार्बोनेट असलेले पाणी उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने ते अधिकच अल्कधर्मी बनते. उलट, विहिरीच्या पाण्यातल्या चहात लिंबाचे चार थेंब पिळले की रंग डोळ्यांदेखत उतरतो. आमच्याकडच्या टपऱ्यांवर थोड्या पत्तीत येणाऱ्या ज्या ‘कडक’ रंगाचे आपण कौतुक करतो, त्याचे श्रेय बरेचसे पाण्याला द्यावे लागेल.

याची दुसरी साक्ष कुंपणावरच्या गोकर्णाने दिली. पाच-पाच निळ्या पाकळ्या मी तीन प्रकारच्या उकळत्या पाण्यात टाकल्या. पावसाच्या पाण्यात स्वच्छ निळा, नळाच्या पाण्यात किंचित मळका निळा आणि विहिरीच्या पाण्यात मोरपिसाकडे झुकणारा हिरवट निळा अर्क उतरला. चवीला गोकर्णाचा काढा म्हणजे शेंगा उकडलेले पाणी, त्यामुळे पेय म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. पण पाण्याची जात ओळखायला फुकटात मिळणारे यापेक्षा चांगले साधन मला सापडलेले नाही.

पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळले आहेत ते दाखवणारा टीडीएस मीटरही घेतला. प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये विहीर १,८४०, नळ २६० आणि पाऊस १४ असे त्याचे आकडे आले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसल्यास २,००० पर्यंत चालतात. मात्र हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण अंदाज देतो, क्षार कोणते ते सांगत नाही; चहाला तर क्षाराचा प्रकारच महत्त्वाचा असतो. केवळ मीटरचा आकडा पाहून पाणी निवडू नये, हे मी स्वतः चुकल्यानंतर सांगतो आहे, कारण १४ आकड्याचे निव्वळ पावसाचे पाणी मला सर्वोत्तम वाटले होते, आणि आसामची पत्ती त्यात घातली तेव्हा ती टोचरी, एकेरी धारेची लागली. आता मी तीन वाटे पाऊस आणि एक वाटा नळ असे मिश्रण वापरतो. त्यात तुरटपणा राहतो, पण त्याला थोडे अंग येते.

दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगची गोष्ट कपाशीवाल्या घरात सांगितलीच पाहिजे. मे-जूनच्या या चहाला पिकलेल्या द्राक्षांसारखा जो वास येतो, तो काही अंशी तुडतुड्यांमुळे येतो. हे किडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते आणि तीच द्रव्ये पुढे कपात उतरतात. कपाशीवरचे तुडतुडे वेगळ्या जातीचे असले तरी त्याच कुळातले आहेत. मी हे बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मंग आपले तुडतुडे तिकडं धाडून दे ना बाप्पा, इथं त ते कपाशी खाऊन रायले.” चहा त्यांनी संपवला, हे मात्र नोंदवतो. मिश्रणाच्या पाण्यात हा चहा मला या वर्षीचा सर्वांत भरीव वाटला. दुसऱ्यांदा पाणी घातले तरी द्राक्षाचा वास टिकला.

आसामचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पाने न चिरडता वळून केलेला चहा विहिरीच्या पाण्यातही दुधासोबत तग धरतो, म्हणून त्याची जुनी नोंद मी खोडलेली नाही. तो कोराच निवू दिला की गढूळ होतो. याचे मुख्य कारण पाणी नव्हे. कॅफिन आणि चहातली रंगद्रव्ये थंड झाल्यावर एकत्र येऊन वेगळी होतात आणि पुन्हा गरम केल्यास विरघळतात. हिरव्या चहाचे दोन नमुने झाले, दोन्ही सामान्य निघाले. ७५ ते ८० अंशांच्या पाण्यात केले तर कडू होत नाहीत, इतकेच.

एक नुकसान माझ्याच हलगर्जीपणाचे झाले. निलगिरीच्या हिवाळी चहाची उघडी पुडी मी दोन आठवडे काळ्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. सुकी पत्ती आजूबाजूचा वास शोषून घेते, हे मला ठाऊक होते. मोगऱ्याचा चहा याच गुणावर तयार होतो. तरीही आळस केला, आणि शंभर ग्रॅम निलगिरी दगडफूल व खोबऱ्याच्या वासाची झाली. ती मी महिनाभर दूध, आले आणि गूळ घालून संपवली. आता प्रत्येक चहा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कोनाड्यात, स्वयंपाकघरापासून दूर असतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गरम चहाची चव घेण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून थंड भिजवणी सुरू केली. एक लिटर नळाच्या पाण्यात ८ ग्रॅम पत्ती घालून, बरणी रात्रभर माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवली. गार पाण्यात कॅफिन आणि तुरट घटक कमी उतरत असल्याने पेय गोडसर लागते. पहिल्या रात्री मी शहाणपणा करून पत्ती थेट माठातच टाकली होती. माठाने चहाचा वास असा धरला की आईने तो तुळशीला पाणी घालण्याकडे लावला आणि नवा माठ माझ्या पैशांनी आणवला.

चहाच्या झाडाशी नाते नसलेल्या अर्कांमध्ये अंबाडीची वाळवलेली लाल बोंडे पहिली येतात. पावसाच्या पाण्यात डाळिंबी रंग आणि चिंचेपेक्षा स्वच्छ आंबटपणा मिळतो. विहिरीच्या पाण्यात रंग जांभळट पडतो आणि आंबटपणाही मवाळ होतो. साखरेऐवजी थोडा गूळ घातल्यास त्याचा वास अंबाडीला झाकून टाकतो, म्हणून मी खडीसाखर वापरतो. गवती चहा ताजा, कात्रीने बोटभर तुकडे करून आणि भांड्यावर झाकण ठेवूनच करावा, कारण लिंबासारखा वास देणारे त्याचे तेल वाफेबरोबर उडून जाते. मेळघाटातून आलेली वाळलेली मोहफुलेही भिजवून पाहिली. ती इतकी गोड आहेत की अर्क मनुकांच्या पाण्यासारखा होतो. पण त्यामागून येणारा आंबूस दर्प मला दुसऱ्या घोटानंतर सहन झाला नाही. आईला मात्र तो फार आवडला.

आश्विनात चिखलदऱ्याला गेलो तेव्हा स्टोव्ह, काटा आणि दोन पुड्या सोबत नेल्या. साधारण ११०० मीटर उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. खाली मला उकळी थांबल्यावर मिनिटभर वाट पाहावी लागते, तिथे पाणी थेट ओतले तरी पहिला बहर भाजला नाही. परिसरात कॉफीचे मळे आहेत आणि मी तिथे चहा करीत बसलो, याबद्दल सोबतच्या मावसभावाने माझी परतीच्या वाटेवर परतवाड्यापर्यंत थट्टा केली.

टिनाच्या छपरावरचे पावसाचे पाणी पहिल्या तीन सरी वाहून जाऊ दिल्यानंतर कापडातून गाळून, उकळून स्टीलच्या कोठीत भरले होते. आज मोजले तेव्हा ३८ लिटर उरले आहे. खोडलेल्या अकरांपैकी सात चहांची फेरचव अजून बाकी आहे आणि कांगड्याच्या चहाची न फोडलेली पुडी वेगळीच. प्रत्येक बैठकीला चहा आणि कप विसळणे धरून दीड लिटर पाणी जाते, आणि आईने परवापासून वरणालाही हेच पाणी मागायला सुरुवात केली आहे, त्यामुळे कांगडा या रविवारीच उघडतो.