आमची वाटचाल: सल्फ्युरिकपासून रेझिनपर्यंत

सुरुवातीला आम्हीही ब्युटाइल ॲसिटेट हे द्रावक नेहमीच्या पद्धतीने काढत होतो. रिॲक्टरमध्ये ॲसिटिक ॲसिड, ब्युटेनॉल आणि उत्प्रेरक म्हणून थोडे सल्फ्युरिक ॲसिड. उकळी आली की डिकँटरमध्ये (थर वेगळे करणाऱ्या टाकीत) खाली बसलेले पाणी काढायचे, वरचा थर परत ऊर्ध्वपातनाच्या कॉलमवर सोडायचा. कागदावर प्रक्रिया स्वच्छ आहे: 60 किलो ॲसिड आणि 74 किलो ब्युटेनॉलपासून 116 किलो एस्टर, म्हणजे ब्युटाइल ॲसिटेट, उरते 18 किलो पाणी.

मग ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रात) एवढे खारे पाणी येते कुठून? बॅच संपल्यावर सल्फ्युरिक मारायला सोडा ॲश घालतो, तिथून. 98 किलो सल्फ्युरिकला 106 किलो सोडा ॲश लागतो आणि 142 किलो सोडियम सल्फेट पाण्यात उतरते. धुण्याच्या पाण्याबरोबर थोडे ब्युटेनॉल जाते, ते वेगळेच. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांच्या मूळ ई-फॅक्टरमध्ये (किलोभर मालामागे किती किलो कचरा, या मापात) पाणी धरलेले नाही. आम्ही धरतो, आमचा पैसा तिथेच मुरत होता.

म्हणून सल्फ्युरिकऐवजी सल्फोनेटेड पॉलिस्टायरिनच्या मण्यांचा, म्हणजे ॲसिडचे काम करणाऱ्या घन रेझिनचा, बेड (भरलेला थर) बसवला. कॉलमच्या तळातला द्रव पंपाने बेडमधून फिरवून परत कॉलममध्ये सोडतो. उत्प्रेरक जागच्या जागी राहतो. उरलेल्या ॲसिटिकसाठी एक हलकी धुलाई मात्र अजून लागतेच.

रेझिनचे नखरे बरेच. हे मणी साधारण 120 अंशांपर्यंतच टिकतात. त्यापुढे सल्फोनिक गट सुटून ॲसिड मालात उतरते. तळातला द्रव त्याच्या आसपासच असतो, म्हणून बेडच्या आधी कूलर ठेवून 90 अंशांवर आणतो. नवे मणी ओले येतात. ब्युटेनॉल हळूहळू सोडून पाणी बाहेर काढायचे, तपकिरी रंग उतरेपर्यंत धुवायचे. कोरडे मणी भरले तर फुगून तडकतात आणि चुऱ्याने जाळी तुंबते. बेडच्या वर मोकळी जागा हवीच.

सगळ्यात छुपा शत्रू लोखंड. गरम ॲसिटिक माइल्ड स्टीलचा पाइप खाते आणि विरघळलेले लोह मण्यांवरच्या हायड्रोजनची जागा बळकावते. तीन भारांचा एक अणू तीन जागा अडवतो. तापमान, प्रवाह सगळे ठीक असताना डिकँटरमध्ये पाणी कमी पडू लागले, म्हणजे प्रक्रिया मंदावली, तर आधी लोह तपासा. आमची अख्खी लाइन आता 316 स्टेनलेस स्टीलची आहे, गॅस्केट पीटीएफईचे (टेफ्लॉनचे). पातळ ॲसिडने मणी पुन्हा चालू करता येतात, पण ते ॲसिडही शेवटी ईटीपीतच जाते. म्हणून आम्ही ते अगदी नाइलाज झाल्यावरच करतो.